डाव्या हाताचे चौकोन

ज्या वर्षी माझे धाकटे दीर पौलस यांचं लग्न झालं, त्याच वर्षी नोव्हेंबरात केशरबाई आमच्या पाटाच्या चौकीवर आल्या. सन एकोणीसशे अडुसष्ट. मला आठवा महिना लागला होता आणि मी दारापुढच्या उन्हात पाय पसरून बसले होते. पाटाच्या भरावावरून एक बाई येताना दिसली. निळ्या काठाचं पांढरं लुगडं, काखेत गाठोडं. मिशनच्या हॉस्पिटलातल्या आया तसलीच लुगडी नेसायच्या.

मी तिथूनच ओरडले, "आत्याबाई, आक्का आली!"

सासूबाई आत भाकरी थापत होत्या. पिठाचे हात तसेच घेऊन दारात आल्या. "आली का तुझी डावरी? आता दोन महिने मला डाव्या हाताचं वाढलेलं खावं लागणार. प्रभू, बघतोयस ना?"

"मग उपाशी राहा," मी म्हटलं.

"बघ कशी बोलते. बहीण दिसली की जीभ सुटते हिची."

त्या हसल्या, पण मी पुन्हा भरावाकडे पाहिलं तेव्हा माझं हसू थांबलं. ती चाल आक्काची नव्हती. आक्का भराभरा चालायची, पाठीमागे कुणी लागल्यासारखी. ही बाई जपून पाऊल टाकत होती.

आमचे यजमान शांतवन पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. पाण्याची दारं वर-खाली करणं, पाण्याची उंची वहीत लिहिणं, हे त्यांचं काम. ते दाराच्या चाकापाशी होते. बाई दिसताच त्यांनी चाक सोडलं आणि जवळजवळ पळतच तिच्याकडे गेले. बाभळीखाली दोघं बराच वेळ उभी राहिली. ते हात हलवून काहीतरी सांगत होते. मग ती बाई तिथल्या दगडावर बसली आणि तिनं पदर तोंडाला लावला. घाम पुसतेय, असं मला वाटलं. उन्हातून फाट्यापासून चालत आलेली, घाम येणारच.

"कोण गं ती?" आत्याबाईंनी विचारलं.

"आक्काच्या हॉस्पिटलातली असंल कुणी. आक्काला रजा नसंल मिळाली, म्हणून तिच्या हाती काही पाठवलंय."

आत्याबाई आत गेल्या. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास मला बाहेर आला. आत्याबाईंची भाकरी कधी करपत नसे.

माझी आक्का, राहेल, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी तीन वर्षांची होते. मला न्हाऊ घालणं, माझ्या उवा काढणं, मला शेजारणीच्या पोरींपासून सोडवणं, सगळं तिनंच केलं. माझं लग्न करून दिलं आणि वर्षाच्या आत तिचा नवरा गेला. मूलबाळ नव्हतं. चर्चच्या पाळकसाहेबांनी तिला हॉस्पिटलात आया म्हणून लावलं.

तिथं एक मडमबाई बायकांना क्रोशाचं विणकाम शिकवायची. आक्का पडली डावरी. बाकीच्या बाया मडमबाईच्या बाजूला बसून शिकल्या, आक्काला काही जमेना. सुई उलटीच चालायची. शेवटी ती उठली आणि मडमबाईच्या पुढ्यात, गुडघ्याला गुडघा लावून बसली. समोरून बघितलं तर मडमबाईचा उजवा हात आणि आक्काचा डावा एकाच बाजूला. आरशात बघून भांग पाडावा, तसं ती शिकली. पुढं मलाही तिनं तसंच समोर बसवून शिकवलं. "सारजे," ती म्हणायची, "देवानं मला आरशातली बाई केलीय. तू माझ्यापुढं बसलीस की माझा उजवा हात होतेस."

आम्ही दोघी चौकोन करायचो. मध्ये हळदीसारखा पिवळा, त्याच्याभोवती लाल, हिरवा, निळा, मिळेल तो रंग. लोकर म्हणजे हॉस्पिटलात उरलेली टोकं. तीन खांब, म्हणजे उभे टाके, एक साखळी, पुन्हा तीन खांब. कोपऱ्यावर दोनदा. सगळ्यांचे चौकोन सारखेच दिसतात असं लोकांना वाटतं. तसं नसतं. खांबांच्या माथ्यावर एक बारीक वेणी उमटते, आणि हात ज्या दिशेला जातो त्या दिशेला ती वेणी जाते. माझी वेणी उजवीकडून डावीकडे जायची, आक्काची डावीकडून उजवीकडे. अंधारात नुसतं बोट फिरवलं तरी मला कळायचं, हा चौकोन तिचा की माझा. मला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण हे येत होतं.

माझी दोन मुलं आधी गेली होती. पहिलं पाचव्या महिन्यात. आक्काला भेटून परत येताना एस्टीत पोटात कळा सुरू झाल्या, आणि फाट्यावर उतरेपर्यंत सगळं संपलं. दुसरं आठव्या महिन्यात, मेलेलंच जन्मलं. दोघंही पाटापलीकडच्या निंबाखाली आहेत. तिसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा आक्का स्वतः आली. उन्हाळा होता, पौलसभावजींचं लग्न नुकतंच झालं होतं. ती म्हणाली, "ह्या वेळी तू कुठं हलू नको. मीच येते बाळंतपणाला. माझ्या हातात येईल ते पोर, आणि रडत येईल." मग तिनं पिशवीतून पहिला चौकोन काढला. "आठ ओळी, ओळीत सहा. अठ्ठेचाळीस. शाळेत जाईस्तोवर पुरलं पाहिजे पांघरूण."

"आणि किनार?"

"लाल लोकरीच्या शिंपल्यांची. पण किनार बाळ झाल्यावर. तुझ्या अंगणात बसून करीन."

आमच्यात तशी रीत होती. बाळ जगात येण्याआधी त्याची वस्तू पुरी करायची नाही. अंगड्याचा एक बंद लावायचा नाही, दुपट्याची एक बाजू शिवायची नाही. दुसऱ्या वेळी मी हौसेनं सगळं पुरं करून ठेवलं होतं. आक्कानं ते बघितलं तेव्हाचा तिचा चेहरा मला आठवत होता. म्हणून ह्या वेळी तिनं दोनदा बजावलं. "ऐकलंस ना? किनार बाळ झाल्यावर."

त्यानंतर तिची पत्रं येत राहिली. तिलाही लिहिता येत नव्हतं, हॉस्पिटलातली कुणीतरी लिहून द्यायची. वाचून दाखवायचे आमचे यजमान. वाचून झालं की कार्ड मी मागून घ्यायचे आणि बिस्किटाच्या डब्यात ठेवायचे. सप्टेंबरात एक कार्ड आलं, ते त्यांनी हातात घेतलं आणि नुसतंच बघत बसले.

"अक्षर लागत नाही का?" मी विचारलं.

"लागतं की. बारीक आहे जरा." मग त्यांनी वाचलं, "इकडं सर्व खुशाल. तीस चौकोन झाले. सारजेनं जिवाला जपावं. जड उचलू नये."

ते कार्ड मी दोन दिवस पोलक्यात ठेवून हिंडले. पुढच्या महिन्यात आणखी एक आलं. ते वाचून ते लगेच फाडायला निघाले. "शाई फुटलीय, काय ठेवायचंय," म्हणाले. मी हातातून ओढूनच घेतलं. "आधी काय लिहिलंय ते सांगा."

त्यांनी पाण्याकडे बघत सांगितलं, "अठ्ठेचाळीस पुरे झाले म्हणते. किनार तुझ्या अंगणात."

तर आता ती बाई आमच्या अंगणात येऊन उभी राहिली.

"सलाम," ती म्हणाली.

"सलाम बाई. बसा. आक्का कशी आहे? का नाही आली?"

तिनं आमच्या यजमानांकडे पाहिलं. ते म्हणाले, "ह्या केशरबाई. राहेलआक्काच्या बरोबरीच्या. आक्काला कामातून सवड नाही."

केशरबाई खाली बसल्या. चाळिशीच्या, उंच, ओठ घट्ट मिटलेल्या. बोलीवरून कोकणाकडच्या वाटल्या. माझ्याकडे त्या जरा परक्या नजरेनं बघत होत्या. काहीतरी मनात धरून आलेलं माणूस बघतं तसं. मग माझ्या पोटाकडे त्यांची नजर गेली आणि ती नजर मऊ झाली.

"प्रवास झेपत नव्हता म्हणे तुम्हाला," त्या म्हणाल्या.

"कुठला प्रवास?"

"आई, चहा टाक की बाईंसाठी," यजमान मोठ्यानं म्हणाले. "लांबून आल्यात."

"टाकलाय, टाकलाय," आतून आत्याबाई म्हणाल्या.

"आक्काचं काम फार आहे का?" मी विचारलं. "जेवते का वेळेवर? ती दुसऱ्याला भरवते आणि स्वतः तशीच झोपते, मला माहीतंय."

"आता नाही तिला काम," केशरबाई म्हणाल्या, आणि लगेच, "म्हणजे, थोडं कमी केलंय."

"मग सवड कशी नाही?"

 यजमान उठले. "चाराला दार उघडायचंय," म्हणून भरावाकडे गेले. चार वाजायला अजून अवकाश होता.

केशरबाईंनी गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं. "हे तुम्हाला पोचवायला सांगितलं होतं तिनं."

मी गाठ सोडली. रंग बाहेर आले. पिवळी पिवळी मधली फुलं, भोवती लाल, जांभळा, पोपटी, एका चौकोनात दोन निळे जोडलेले, कारण पहिला संपला असणार. मी ते उन्हात पसरलं. आत्याबाई चहा घेऊन आल्या आणि त्यांच्याही तोंडून निघून गेलं, "काय देखणं केलंय गं!"

मी पसरलं आणि मला वाटलं, आखूड आहे. रुंदीला सहा बरोबर होते. लांबीला मी बोट ठेवून मोजले. पाच. पुन्हा मोजले. पाचच. सहा पाचे तीस एवढा हिशोब मला येत होता. पत्रात तर अठ्ठेचाळीस होते.

"उरलेले कुठं आहेत?" मी विचारलं.

"एवढेच आहेत," केशरबाई म्हणाल्या.

आणि मग मी किनार बघितली. लाल शिंपले, एकाला एक लागून, चारी बाजूंनी. पुरी केलेली. शेवटची गाठसुद्धा आत दडवलेली.

  मी चौकोनांवरून बोट फिरवलं. वेणी डावीकडून उजवीकडे. आक्का. दुसरा चौकोन, आक्का. तिसरा, आक्का. मग बोट किनारीवर नेलं. वेणी उजवीकडून डावीकडे. मी दुसरी बाजू बघितली. मग तिसरी. मग चौथी. एकही शिंपला तिचा नव्हता.

"आवडलं नाही का?" केशरबाईंनी विचारलं.

मी म्हटलं, "फार चांगलं आहे. मला हा शिंपला जमत नाही. एक करून दाखवता का?"

माझ्या टोपलीतली सुई आणि लोकरीचं टोक मी त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी हात पुढं केला. उजवा. दोरा बोटाला गुंडाळला, साखळी घातली आणि सरसर पाच खांब एका भोकातून काढले. मी ते घेऊन किनारीशेजारी ठेवलं. दोन्ही एका हाताचे.

"किनार तुम्ही केलीत," मी म्हटलं.

त्या गडबडल्या. "हो, म्हणजे तिचा हात दुखत होता, म्हणून म्हटलं मी करते. अपुरं कसं द्यायचं?"

"तिनं तुम्हाला करू दिलं?"

"हो."

"किनार बाळ झाल्यावर करायची, असं ती म्हणाली नाही?"

केशरबाईंच्या हातातून सुई खाली पडली. फरशीवर वाजली. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, आणि त्यांना ते माहीत नव्हतं हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. त्यांच्याकडे तशी रीत नसेल. त्यांनी प्रेमानंच केलं होतं. मेलेल्या मैत्रिणीचं काम अर्धवट राहू नये म्हणून.

"आक्का कधी गेली?" मी विचारलं.

आत्याबाई ओरडल्या, "केशरबाई, बोलू नका! बोलू नका हो!" आणि कपबशी हातात असतानाच त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. तेव्हा मला कळलं की त्यांनाही माहीत होतं. भाकरी का करपली, तेही कळलं.

"दीड महिना झाला," केशरबाई म्हणाल्या. आता त्यांचे डोळे वाहत होते. "कावीळ झाली होती. सप्टेंबरातल्या शेवटच्या रविवारी. सारजाबाई, मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे. मी तुमचं सांत्वन करायला आले होते. तिथं बाभळीखाली भाऊंनी माझ्यापुढं हात जोडले. म्हणाले, आधीची दोन गेलीत, हे जगू द्या."

मी रडले नाही. लोकांना नंतर त्याचं नवल वाटलं. रडताना पोट हलतं. हे कुणी मला सांगितलं नव्हतं, पण तेव्हा माझ्या मनात एवढंच होतं की पोट हलता कामा नये. मी दोन्ही हात पोटाखाली धरले आणि भिंतीसारखी बसून राहिले. श्वाससुद्धा थोडा थोडा घेत होते. चौकोन डोळ्यांपुढे एकमेकांत मिसळत होते आणि परत वेगळे होत होते. आत्याबाई माझे तळपाय चोळत होत्या आणि म्हणत होत्या, "सारजे, बोल. काहीतरी बोल, पोरी. मला शिव्या दे."

आतल्या आत काहीतरी आवळलं. मग सुटलं. पुन्हा आवळलं. आत्याबाईंनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं आणि त्या धावत भरावावर गेल्या.

यजमान आले ते चिखलाच्या पायांनी. माझ्यापुढं बसले. "दुखतंय?"

"तुम्ही मला पत्रं वाचून दाखवलीत," मी म्हटलं.

"हो."

"काय वाचत होता?"

"मनानंच," ते म्हणाले. "सारजे, दोन दिवसांत आटोपलं तिचं. कुणाला कळवायलाही सवड नव्हती. कळलं तेव्हा माती झाली होती. मग तुला सांगून काय मिळणार होतं? बाळ झाल्यावर सांगणार होतो. शपथेनं."

"वाट बघत होती हो ती..." केशरबाई म्हणाल्या.

"दोन दिवसांत गेली," यजमान त्यांच्याकडे वळून म्हणाले. "नाही का, बाई?"

केशरबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्या पोटाकडे पाहिलं. मग पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "हो. लवकरच गेली."

कळा थांबल्या. सूर्य मावळेपर्यंत त्या पूर्ण थांबल्या. बाळ आतून हललं, टाच लागली मला बरगडीला, आणि आत्याबाई तिथंच गुडघे टेकून प्रार्थना करायला लागल्या.

केशरबाई सकाळी निघाल्या. निघताना म्हणाल्या, "किनार उसवून टाका. मला माहीत नव्हतं. माझ्यामुळं काही वाईट झालं तर मी कुठं तोंड दाखवू?"

मी पांघरूण मांडीवर घेतलं. गाठ शोधली, सुईनं मोकळी केली. एक ओढ दिली असती तर सगळे शिंपले सरळ दोऱ्यासारखे निघून आले असते. मग मला वाटलं, उसवून पुन्हा करणार कोण? मी. तेही उजव्याच हातानं. मी गाठ परत आत दडवली. "राहू द्या," म्हटलं. "तुम्ही शेवटी तिच्याजवळ होतात ना? मग तुमचा हात लागलेला चालेल तिला."

त्या माझ्या गळ्यात पडल्या. काहीतरी सांगायला त्यांनी तोंड उघडलं. पण यजमान त्यांना फाट्यावर सोडायला दारात उभे होते. त्या तशाच गेल्या. पुन्हा कधी भेटल्या नाहीत.

जानेवारीच्या नऊ तारखेला मला मुलगी झाली. रडत आली. तिचं नाव आम्ही राहेल ठेवलं. ते आखूड पांघरूण तिला चौथ्या वर्षापर्यंत पुरलं. मग तिचे पाय बाहेर यायला लागले.

एकोणीसशे ब्याण्णव साली आमच्याकडे साक्षरता वर्ग सुरू झाला. दुपारी ख्रिस्तमंदिराच्या ओट्यावर भरायचा. मी अठ्ठेचाळीस वर्षांची होते. पोरी हसायच्या, "सारजामावशी, आता शिकून कलेक्टर होणार का?" मी म्हणायचे, "हो, आणि आधी तुझी बदली करणार." मला कलेक्टर व्हायचं नव्हतं. मला बिस्किटाच्या डब्यातली कार्डं वाचायची होती. त्यातल्या आधीच्या पत्रांत तरी आक्काचेच शब्द होते. ते मला दुसऱ्याच्या तोंडून नको होते.

आठ महिने लागले. मग एका दुपारी मी डबा काढला. यजमान ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. निवृत्त झाले होते, गुडघे गेले होते. डबा बघून म्हणाले, "ते जुनं कशाला काढलंस? धूळ उडते."

"वाचते जरा."

"शाई उडाली असंल."

"दिसते की."

सगळ्यात वर शाई फुटलेलं कार्ड होतं, जे ते फाडायला निघाले होते. ते कशाचं असणार हे मला माहीत होतं. ते बाजूला ठेवून मी त्याखालचं घेतलं. पोलक्यात ठेवून त्याचे कोपरे गोल झाले होते. मी अक्षराला अक्षर लावत मोठ्यानं वाचायला लागले.

"ता. चौदा सप्टेंबर. भाऊ, राहेल दहा दिवस... पडून आहे. कावीळ उतरत नाही. डॉक्टर म्हणतात... भरवसा नाही."

शेंगा फोडण्याचा आवाज थांबला.

"तीस चौकोन झाले. आता... हात उचलत नाही. उरलेले सारजेनं करावे म्हणते. सारजेला एकदा... बघायचं आहे. रोज दाराकडे बघते. कार्ड मिळताच... सारजेला घेऊन या. लिहिणार केशर."

मी पुन्हा एकदा वाचलं. ह्या वेळी न अडखळता आलं. मग त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या मुठीत एक शेंग तशीच होती.

"तुम्ही म्हणालात, दोन दिवसांत गेली."

"हो."

"ती मला बोलावत होती."

"पहिलं एस्टीतच गेलं होतं, सारजे," ते म्हणाले. "तुला सांगितलं असतं तर तू थांबली असतीस का? पळत सुटली असतीस. मी सगळी रात्र त्या कार्डाचाच विचार करत बसलो होतो."

"तिला काय कळवलंत?"

त्यांनी मुठीतली शेंग खाली ठेवली. मग म्हणाले, "लिहिलं की सारजेला प्रवास झेपत नाही. पण रोज तुझं नाव घेते."

त्या सप्टेंबरात दोन दिवस मी ते कार्ड छातीशी धरून हिंडले होते. पाण्याला गेले तेव्हा ते माझ्याजवळ होतं, चुलीपुढं बसले तेव्हा होतं, प्रार्थनेला गुडघे टेकले तेव्हा होतं. आक्काची हाक माझ्या पोलक्यात होती आणि मी गाणं म्हणत चौकोन करत होते.

घरात आमच्या लेकीची, राहेलची धाकटी पोर झोपली होती. राहेल पाळण्याला झोका देत होती, त्याची कुरकुर ऐकू येत होती. यजमानांनी त्या आवाजाकडे मान वळवली आणि तशीच ठेवली. मी त्यांना काही बोलले नाही. त्या दिवशी नाही, पुढंही नाही. संध्याकाळी मी त्यांना जेवायला वाढलं. ते जेवले नाहीत. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी मी लोकर आणली आणि उरलेले अठरा चौकोन करायला बसले. मध्ये पिवळा, भोवती मिळेल तो रंग. ते झाल्यावर एका बाजूची किनार उसवून तीन ओळी जोडल्या आणि शिंपले पुन्हा घातले. आता ते पांघरूण मोठ्या माणसाला पुरतं. यजमान शेवटच्या दुखण्यात तेच घ्यायचे. नको म्हणायचे आणि घ्यायचे.

फुटलेल्या शाईचं कार्डही मी नंतर वाचलं. त्यात आक्का गेल्याच्या तीनच ओळी होत्या, आणि केशरबाईंनी सांगितलेला रविवारच त्यात होता.

केशरबाईंनी पहिलं कार्ड टाकलं ते चौदा सप्टेंबरला. आमच्या फाट्यावरून हॉस्पिटलला जायला एस्टीनं चार तास लागायचे. माझी बहीण राहेल रविवारी, एकोणतीस सप्टेंबर एकोणीसशे अडुसष्ट रोजी सकाळी सात वाजता वारली. तिचं वय बत्तीस होतं.